काळं फडकं

"दादा, जरा डावीकडं सरका. पिंडावर तुमची सावली पडतीय."

हे वाक्य माझ्या नवऱ्याचं. ठिकाण पंचगंगेचा घाट आणि दिवस माझ्या वडिलांच्या दहाव्याचा. दादा, माझा थोरला भाऊ, डोकं भादरून ओल्या पंच्यानं पिंडांपुढं बसला होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि मुकाट्यानं सरकला. दुसरं कुणी असतं तर त्याला दादानं कॅमेऱ्यासकट नदीत लोटलं असतं. पण जावई पडले. आमच्यात जावयाला कुणी चकार शब्द बोलत नाही, आणि त्या रीतीच्या जिवावर आमच्या ह्यांनी माझ्या माहेरात कितीतरी वर्षं फुकटचा स्टुडिओ चालवला.

ह्यांचं नाव गजानन सातपुते. इचलकरंजीतल्या एका सूतगिरणीत स्टोअरकीपर. बॉबिन, पट्टे, बेअरिंगं काढून द्यायची आणि घरी येऊन चहा प्यायचा, असा चारचौघांसारखा माणूस होता. मग जोडधंदा म्हणून लग्नाची शूटिंगं करू या, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि माझ्या संसाराला साडेसाती लागली.

लग्नं पहिल्या सीझनलाच बंद पडली. लोकांना नवरा-नवरी बघायची असतात, आहेर बघायचा असतो आणि गर्दीत आपलं तोंड शोधायचं असतं. ह्यांच्या कॅसेटमध्ये वरबापाच्या चपला, पंगतीत भात कालवणारे हात आणि मांडवाच्या खांबाला टेकून घोरणारी कुणाची तरी आत्या. एका मुलीच्या बापानं कॅसेट परत आणून दिली. दारातच म्हणाला, "सातपुते, पोरीच्या लग्नात माझी पोरगी कुठाय हो?"

शहाणा माणूस तिथंच थांबला असता. पण कोल्हापुरात हौशी लोकांची कसलीशी स्पर्धा भरली. ह्यांनी ती घोरणारी आत्या तिकडं पाठवली, आणि पुण्याहून आलेला एक दाढीवाला परीक्षक म्हणाला, "तुमच्या नजरेत काहीतरी आहे." झालं! आधीच मर्कट, तशात मद्य प्याला. तो दाढीवाला आज जिथं असेल तिथं त्याला ठेच लागो.

तेव्हापासून घरात जे हलेल ते टिपायचं. गळका नळ, उतू जाणारं दूध, माझ्या भेगाळलेल्या टाचा. मी रडले तर "तशीच थांब." मी भांडले तर "तोंड खिडकीकडं कर." आमची मुलगी पायरीवरून पडली, ओठ फुटला, रक्त आलं, आणि बापानं तिला उचलायच्या आधी कॅमेरा उचलला. बायकोनं हे सगळं कौतुकानं बघायचं असतं म्हणे. मला काही ते जमलं नाही.

आणि तात्या गेले, तेव्हाचं तर विचारूच नका. तात्या म्हणजे माझे वडील. जन्मभर मागावर उभे राहिले आणि शेवटी छातीच्या दुखण्यानं गेले. शेवटच्या दिवशी त्यांना धाप लागली होती. उशी घसरली म्हणून मी वाकून ती सारखी करत होते, तेवढ्यात त्यांनी प्राण सोडला. कोपऱ्यात कॅमेरा चालूच होता. तिरडी बांधायला सुरुवात झाली तेव्हा ह्यांनी मला न्हाणीपाशी गाठलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ऐन वेळी मध्ये आलीस तू."

आपण ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं मला क्षणभर वाटलं. मग ह्या माणसाची किळस आली. संसार पुढंही केला, अजून करते आहे, पण ती किळस काही गेली नाही.

तर घाट. बायकांनी, त्यातून नवरा गेलेल्या बाईनं, दहाव्याला घाटावर यायची आमच्यात रीत नाही. आई ऐकेना, आली. मी तिला वरच्या पायरीवर बसवलं आणि शेजारी बसले. तिचं लक्ष पिंडांकडं नव्हतं. घाटाच्या वर देवळाच्या कट्ट्यापाशी माझा धाकटा भाऊ विलास एकटा उभा होता. ती त्याच्याकडं बघत होती.

विलासनं मिरजेतल्या एका नर्सशी लग्न केलं होतं. ग्रेस तिचं नाव, ख्रिश्चन. लग्न करून आला त्या दिवशी दादानं त्याची ट्रंक रस्त्यावर ठेवली आणि सांगितलं, "हा उंबरा तुला बंद." तात्या काही बोलले नाहीत. माग दादा चालवायचा, म्हणून घरात शब्दही दादाचाच चालायचा. विलास त्यानंतर आला नाही. त्याला मुलगी झाली, ती आईनं पाहिली नाही. तात्या गेल्याचा निरोपसुद्धा त्याला कुणी धाडला नाही. कुणाकडून तरी कानावर पडलं म्हणून तो दहाव्याला आला आणि परक्यासारखा लांब उभा राहिला.

आईला आता जगात एकच गोष्ट हवी होती. विलास घरात यायला हवा. मलाही तेच हवं होतं, पण दादापुढं बोलायची छाती कुणाला होती?

गुरुजींनी पिंड मांडले, शेजारी नैवेद्याचं पान ठेवलं, आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा पिंडाला शिवला की गेलेला माणूस सुटला. नाही शिवला तर त्याची कुठलीतरी इच्छा मागं अडकलीय, ती पुरी करतो असं घरच्यांनी मोठ्यानं कबूल करायचं. शेजारच्या लिंबावर कावळ्यांची जत्रा भरली होती. ओरडून ओरडून कान किटवले त्यांनी, पण एकही खाली उतरेना.

"चहा ठेवलाय काय?" बंडूकाकानं विचारलं. बंडूकाका म्हणजे तात्यांचा धाकटा भाऊ. "तात्याला चहाबिगर सुदरायचं न्हाई."

कुणीतरी टपरीवरून चहा आणला. कावळा नाही.

"तंबाखू ठेवा. चुन्याची डबीबी ठेवा."

डबी ठेवली. कावळा नाही.

दादानं हात जोडले. "तात्या, आईला मी अंतर देणार न्हाई."

कावळा नाही.

"माग बंद पडू देणार न्हाई."

कावळा नाही.

"रत्नाचं माहेरपण चुकवणार न्हाई."

माझं माहेरपण ऐकून कावळे आणखी दोन फांद्या वर गेले.

ह्या सगळ्यात आमचे दिग्दर्शक कुठं होते? पिंडांच्या पलीकडं, पाण्याच्या काठाला, गुडघे टेकून. उन्हात कॅमेऱ्यातलं दिसत नाही म्हणून त्यांनी कॅमेऱ्यावर आणि स्वतःच्या डोक्यावर मिळून एक मोठं काळं फडकं घेतलं होतं. माझ्या जुन्या परकराचं. नदीवरच्या वाऱ्यानं ते फडफडत होतं, आणि त्याखालून "वा, वा" असे हुंकार येत होते. सासऱ्याच्या पिंडाला कावळा शिवेना आणि जावई वा वा करतोय! माझं डोकं फिरलं. म्हटलं, जावयाचा मान गेला खड्ड्यात. मी तरातरा पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेले.

फडक्याला हात घालणार, तेवढ्यात मी वर बघितलं. लिंबावरचा एकूण एक कावळा त्या फडक्याकडं बघत होता. फडफडलं की सगळे दचकून उठायचे, थांबलं की परत बसायचे.

आमच्याकडं गच्चीवर सांडगे-पापड वाळत घातले की काठीला काळं फडकं बांधतात. कावळ्यांना तो मेलेला भाऊबंद वाटतो, ते जवळ येत नाहीत. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. फक्त नजरेत काहीतरी असलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं. तात्यांचं काही अडलेलं नव्हतं, त्यांच्या वाटेत माझा परकर आला होता.

मी फडकं ओढणारच होते. पण मागं बंडूकाका घसा खाकरून म्हणाला, "बाळू, खरं बोलू काय? तात्याचा जीव विलासात अडकलाय."

बाळू म्हणजे दादाच. त्याच्या भादरलेल्या डोक्यावरची शीर मला तिथून दिसली. तो गुरुजींकडं वळला.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करून शिववता येतो न्हवं?"

"येतो की," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढं आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भ उचललासुद्धा. दोन गाठी मारल्या की झाला कावळा, आणि विलास त्या कट्ट्यावरून परत मिरजेला.

"नको." वरच्या पायरीवरून आईचा आवाज आला. "खराच कावळा शिवू द्या."

"ऊन वाढायलंय, आई," दादा म्हणाला.

"वाढू दे की."

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. मी लिंबाकडं बघितलं, दादाकडं बघितलं, वर उभ्या असलेल्या विलासकडं बघितलं. मग वाकून नवऱ्याच्या कानाशी म्हणाले, "हलू नका. आहे तिथंच बसा."

फडकं बाजूला सारून ह्यांनी कॅमेऱ्यासकट माझ्याकडं बघितलं. "म्हणजे? तुला चालतंय?"

"चालतंय. फडकं नीट घ्या डोक्यावर. ऊन आहे."

त्यांच्या तोंडावर असा आनंद मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. "रत्ना, तुला कळलं! शेवटी तुला कळलं. हे नाटक नाही, हे खरं घडतंय."

"हो, हो. खरंच घडतंय. बसा."

बसले बिचारे. एखाद्याला मूर्ख म्हणून ओळखत असलो तरी त्याचा मूर्खपणा कधी उपयोगी पडेल असं वाटत नाही. त्या दिवशी पडला. माझ्या आयुष्यात त्या कॅमेऱ्याचा झालेला तो पहिला आणि शेवटचा उपयोग.

ऊन चढत गेलं. गुरुजींचं दोनदा घड्याळ बघून झालं. भाऊबंद सावलीला गेले. दादा तसाच बसून होता, आणि त्याच्या उघड्या डोक्यावरून घाम ओघळून भुवयांत उतरत होता. दादा वाईट माणूस नव्हे. पण एकदा 'नाही' म्हटलं की ते 'नाही' परत गिळता येत नाही अशा जातीचा. गावात त्याला मान होता तो त्यासाठीच. आता तोच मान त्याच्या घशात अडकला होता.

शेवटी तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," बंडूकाका म्हणाला. "तात्याला कमी ऐकू यायचं."

"तात्या," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "विलासला घरात घेतो. त्याला, त्याच्या बायकूला, पोरीला. उंबरा उघडा हाय."

आईनं पदर तोंडाशी नेला. वर कट्ट्यावर विलास मटकन खाली बसला. मला रडायला आलं, पण रडायला वेळ कुठं होता? कावळा अजून शिवायचा होता, आणि फडकं अजून फडफडत होतं.

"उठा आता," मी ह्यांना म्हणाले.

"वेडी आहेस काय? आता तर कावळा येईल."

"उठा म्हणते ना."

"गप. मध्ये येऊ नकोस."

दादा आकाशाकडं बघत होता. मला त्याचं तोंड दिसत होतं. एवढं बोलून घेतलं तरी कावळे येत नाहीत, मग माझा शब्द कशाला, असं त्यावर उमटायला लागलं होतं. गुरुजींचा हात परत दर्भाकडं गेला. आता ह्या माणसाला उठवायला एकच मंत्र होता.

"अहो, लाल दिवा लागलाय," मी म्हणाले. "बॅटरी संपली."

बायको मेली म्हटलं असतं तरी ते एवढ्या तडकाफडकी उठले नसते. दुसऱ्या बॅटरीची पिशवी वर, पायऱ्यांच्या टोकाला होती. कॅमेरा, फडकं सगळं काखोटीला मारून ते धावत सुटले. त्यांची पाठ वळते न वळते तोच लिंबावरून एक सोडून तीन कावळे उतरले. एकानं पिंड फोडला, एकानं भजं उचललं, तिसरा तंबाखूच्या पुडीला चोच मारून बघत राहिला.

"शिवला! शिवला!" घाटभर ओरडा झाला. दादानं गुडघ्यांत डोकं घातलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी आईकडं पळाले. मागं आमचे दिग्दर्शक पायऱ्या उतरून आले तेव्हा त्यांच्यासाठी विस्कटलेली शितं तेवढी उरली होती.

"बॅटरी भरलेली होती," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांच्याकडं बघायला कुणालाही सवड नव्हती.

विलास घरी आला. पुढच्या रविवारी ग्रेसला आणि मुलीला घेऊन आला, आणि मग येतच राहिला. आई दोन घास जास्त जेवायला लागली. दादानं शब्द पाळला, पण कसा? विलास पुढच्या दारानं आला की हा मागच्या दारानं मागाच्या शेडमध्ये जायचा. तात्यांना दिलेला शब्द म्हणून उंबरा उघडा. बोलायचं मात्र कबूल केलं नव्हतं. तरी मला वाटायचं, असू दे. उंबरा उघडा आहे तोवर पुढचंही होईल.

एवढ्यात ह्यांनी फिल्म तयार केली. कुणाकडून दोन व्हिसीआर आणून त्यांनी आमची बाहेरची खोली बंद करून घेतली होती. एका संध्याकाळी मला बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि कॅसेट लावली.

पहिल्यांदा लिंबावरचे कावळे. मग दादा. मग चौकटीच्या कडेला फडफडणारं फडकं आणि लगेच दचकून उठणारे कावळे. परत दादा, परत फडकं, परत कावळे. मग माझं तोंड, हे एवढं मोठं, आणि माझा आवाज: "हलू नका. आहे तिथंच बसा." मग दादाचा शब्द. मग "लाल दिवा लागलाय." मग उलट्या पायऱ्या, ह्यांच्या चपला, झोके खाणारी नदी, आणि लांबून ओरडा, "शिवला! शिवला!"

मी उठून टीव्ही बंद केला.

"बघितलंस?" हे म्हणाले. "ह्या फिल्मची नायिका तू आहेस."

"अहो, हे दादाला कळलं तर?"

"कळू दे की."

"तो निमित्तच शोधतोय. शब्द मागं घेईल. विलास परत बाहेर जाईल, आई जगायची नाही."

"म्हणून खरं दाखवायचं नाही? मी कलावंत आहे, रत्ना."

"कलावंत!" मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा त्या कावळ्यांना जास्त अक्कल होती. ते निदान लांब राहिले."

ते हसले. "हे वाक्य चांगलं आहे," म्हणाले.

मी ती कॅसेट चुलीत घालणार होते. पण हा मनुष्य ती डब्याच्या पिशवीत घालून गिरणीत न्यायचा आणि झोपताना उशाला घ्यायचा. पुढं त्या फिल्मला सोलापुरात की कुठं बक्षीसही मिळालं. माणसाच्या श्रद्धेवर केवढा प्रकाश टाकलाय, असं काहीसं त्या कागदावर लिहिलं आहे. तो कागद आमच्या भिंतीवर आहे आणि मी तो पुसत नाही.

दिवाळीत आम्ही सगळे माहेरी जमलो. तात्या गेल्यावरची पहिली दिवाळी, म्हणून आकाशकंदील नव्हता, फटाके नव्हते. विलास, ग्रेस, त्यांची नीलम, बंडूकाका, आमची मुलगी, सगळी माजघरात. आई कोपऱ्यात वातींसाठी कापूस पिंजत बसली होती. हे व्हिसीआर घेऊनच आले होते. मी दारातच हात धरला. तेवढ्यात दादाच आतून म्हणाला, "घाटावरचं हाय काय? लावा की. तात्यांचं कार्य नीट झालं का बघू दे." आता त्याला काय म्हणून अडवू?

फिल्म सुरू झाली. पहिल्यांदा सगळे आपापली तोंडं शोधत होते. "ह्यो बघ काका!" मुली हसत होत्या. मग हसणं कमी होत गेलं. माझं तोंड आलं, माझा आवाज आला. पायऱ्या उलट्या झाल्या, "शिवला! शिवला!" झालं, आणि पडद्यावर निळं आलं.

दादा उभा राहिला.

"म्हंजे कावळा फडक्याला भ्याला होता." तो माझ्याकडं वळला. "आणि तुला ठाऊक होतं."

"होतं," मी म्हणाले. नाही कशाला म्हणू?

"मला उन्हात बसवून शब्द काढून घेतलास."

"घेतला."

"मग त्यो शब्द न्हवं. फसवून घेतल्याला शब्द म्हंजे शब्द न्हवं." तो बंडूकाकाकडं वळला. "तुम्हीच सांगा, काका."

काका तोंड उघडेपर्यंत विलास उठलाच होता. त्यानं नीलमला उचललं. ग्रेस मुलीचा बूट शोधायला लागली. तिला त्या घरातून निघायची सवय होती, त्यामुळं ती घाईही करत नव्हती. एवढं सगळं केलं आणि एका निळ्या पडद्यात गेलं.

"बस खाली, विलास," आई म्हणाली.

ती कापूस पिंजायची थांबली नव्हती. "बाळू, मला काय दिसत नव्हतं व्हय? जलमभर वाळवणं राखली मी. काळं फडकं असल्यावर कावळा खाली येतोय व्हय कवा?"

दादा आईकडं वळला. मीही. "तुला ठाऊक होतं?" दादानं विचारलं.

"घाटावर बसले, तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुजा बाप काय कावळ्यासाठी अडून बसणारा माणूस व्हता? त्यो गेला त्याच दिवशी सुटला." आईनं आता मान वर केली. "अडकला व्हतास तू. तू सुटावंस म्हणून बसले व्हते मी उन्हात. आता तुजं तू बघ."

आणि ती परत कापसाकडं वळली.

दादा तसाच उभा. रागावला की तो बाहेर जातो, पण गेला नाही. दाराकडं दोन पावलं टाकली आणि थांबला. त्याच्या पाठीकडं आम्ही सगळे बघत होतो. नीलमच्या एका पायात बूट होता, दुसरा ग्रेसच्या हातात.

"मिरजेची शेवटची गाडी कधी हाय?" दादानं विचारलं. कुणाचं नाव न घेता, दाराकडं तोंड करून.

विलासनं घड्याळाकडं बघितलं. घरातून काढल्यापासून दादा त्याच्याशी बोललेला हा पहिला शब्द, आणि तोही असा. "आत्ता निघालो तर मिळंल, दादा."

दादा वळला. त्यानं मुलीच्या उघड्या पायाकडं बघितलं.

"जाऊ दे," तो म्हणाला.

विलासला पटकन कळलं नाही. त्यानं पिशवी उचलली.

"गाडीला म्हणतोय मी," दादा खेकसला. "जाऊ दे म्हणलं तिला."

विलासनं मुलीला खाली ठेवलं आणि तोंड भिंतीकडं केलं. त्याचे खांदे हलायला लागले. बंडूकाका उगीचच खोकत बाहेर गेला. मी पदरानं नाक पुसलं. आई वात वळत होती आणि ती वात काही सरळ वळली जात नव्हती.

आमचे दिग्दर्शक ह्या सगळ्या वेळात व्हिसीआरपुढं उकिडवे बसून टेप मागं फिरवत होते. पाठीमागं काहीतरी झालं हे त्यांना शांततेवरून कळलं असावं. ते वळले, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि चटकन कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांनी मोठा दिवा लावला. माजघर पांढरंफटक झालं. नीलमनं डोळ्यांवर हात घेतले.

"दादा," हे म्हणाले, "आत्ता काय म्हणालात ते जरा परत म्हणता का? विलासकडं बघून."

ग्रेसनं हातातला बूट खाली ठेवला, भिंतीपाशी जाऊन दिव्याची पिन उपसली, आणि तशीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई," तिनं विचारलं, "पीठ किती जणांचं मळू?"

"समद्यांचं मळ," आई म्हणाली. "जावयाचंबी. ते जेवल्याबिगर हलायचं न्हाई."